आढ्याचे पाणी वळचणीला!

‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ ही म्हण व्यवहारात माणसांच्या संदर्भात वापरली जाते. तिच्यातील दृश्य मात्र छपराचे आहे. आढे म्हणजे छपराचा माथा आणि वळचण म्हणजे त्याची खालची कड. पाणी वरून खाली येणार, हा तिचा साधा आधार. परसातील लहानशा खोलीवर डांबरी फेल्ट अंथरण्याचे सारे शास्त्र या एका वाक्यावर उभे आहे. फरक इतकाच, की म्हणीला अपवाद चालत नाहीत आणि छपराला मात्र अपवादांचाच विचार करावा लागतो. वारा आणि केशाकर्षण ही दोन कारणे अशी आहेत, की त्यांच्या बळावर वळचणीचे पाणी काही बोटे का होईना, खरोखरच आढ्याच्या दिशेने चढते. छपरे गळतात ती बहुधा तेवढ्याच काही बोटांत.

परसातील खोली हा घरबांधणीतील सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. राहत्या घराच्या स्लॅबवर हजारो रुपये खर्च करणारे कुटुंब मागच्या अंगणातील लाकडी खोलीवर जुना पत्रा टाकून मोकळे होते. बागेची अवजारे, सरपण, जुनी कपाटे एवढेच तेथे असेल तर हे खपूनही जाते. मिरजेसारख्या गावात मात्र अशा साठवणीच्या खोलीला वेगळे मोल असू शकते.

भोपळ्याला ओल वर्ज्य

मिरजेची सतार आणि तंबोरा यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. हत्यारांचे काम करणारी शिकलगार कुटुंबे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवण्याकडे वळली आणि पिढ्यान्‌पिढ्या हे कसब सतारमेकर गल्लीच्या परिसरात नांदत राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले. या वाद्यांचा नाद ज्या तुंब्यात घुमतो, तो तुंबा म्हणजे वाळवलेला कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येणारा हा भोपळा वाद्यावर चढण्यापूर्वी पुरता वाळलेला असावा लागतो, आणि वाळल्यानंतर तो कोरडाच ठेवावा लागतो. ओल लागली की त्यावर बुरशी धरते, कीड शिरते आणि कवच हळूहळू मऊ पडते. मोठ्या आकाराचा, सुडौल, जाड कवचाचा भोपळा सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच साठवणीच्या खोलीतील एक ठिबक ही केवळ गैरसोय ठरत नाही. कारागिराच्या हातचा, पुढे वाद्य होऊ शकणारा माल ती नासवते.

भोपळ्यांच्या जागी धान्याची कणगी असो, पुस्तकांच्या पेट्या असोत वा मुरत ठेवलेले लाकूड असो, प्रश्न तोच राहतो. लहान खोलीचे छप्पर कमी खर्चात, हलक्या वजनात आणि तरीही भरवशाचे कसे करावे?

पाऊस कमी, परीक्षा अवघड

कोकण वा घाटमाथ्याच्या तुलनेत मिरजेला पाऊस बेताचा. सांगली जिल्ह्यात पश्चिमेकडील शिराळ्यापासून पूर्वेकडील जतपर्यंत तो उतरत जातो. परंतु छपराची परीक्षा केवळ पावसाच्या एकूण मापाने होत नसते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या छपरावर अचानक वळीव कोसळतो. त्याच्यासोबत वावटळ असते, कधी गाराही असतात आणि वारा कोणत्या दिशेने येईल याचा नेम नसतो. त्यानंतर जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिमेच्या अंगाने पावसाचे तुषार आडवे मारतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस धो धो बरसतो. मधल्या काळात कडक ऊन असते. तापणे, एकाएकी थंड होणे, भिजणे आणि पुन्हा तापणे या चक्रात छपराचे साहित्य सतत प्रसरण व आकुंचन पावते. ते फाटते ते या ओढाताणीने.

या हवेला पूर्वजांनी दिलेले उत्तर म्हणजे माळवद. तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी चिपा, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना जिल्ह्याच्या पूर्व भागातील जुन्या घरांवर पाहावयास मिळते. माती भिजली की फुगते आणि आपल्याच भेगा बुजवते. उरलेले पाणी मंद उतारावरून पन्हळीकडे जाते. उन्हाळ्यात घर थंड राहते हा मोठा लाभ. मात्र दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मातीची डागडुजी करावी लागते आणि हे प्रचंड ओझे पेलण्यासाठी जाड भिंती लागतात. फळ्यांच्या हलक्या खोलीला ते झेपणारे नाही. मंगलोरी कौले सुंदर दिसतात, पण त्यांनाही भक्कम वाशांचा सांगाडा हवा. पत्रा स्वस्त आणि झटपट. तथापि त्याचा एक दोष साठवणीच्या खोलीत घातक ठरतो. थंडीच्या पहाटे पत्रा लवकर गार होतो, खोलीतील हवेतील बाष्प त्याच्या आतल्या अंगाला जमते आणि पाऊस नसतानाही आत थेंब पडू लागतात. लाकडी फळ्यांवर अंथरलेल्या फेल्टच्या बाबतीत हा धोका बराच कमी असतो, कारण लाकूड पत्र्यासारखे झटकन थंड होत नाही.

फेल्ट म्हणजे काय?

बाजारात ‘टारफेल्ट’ किंवा ‘डांबरी कागद’ म्हणून मिळणारे हे साहित्य वास्तविक कागद नव्हे. तागाचे विणलेले कापड, वनस्पतिजन्य तंतू किंवा काचतंतूंची चटई डांबरात भिजवून आणि त्यावर डांबराचा लेप देऊन ते तयार करतात. चटई ताकद देते आणि डांबर पाणी अडवते. मराठीत ‘डांबर’ हा एकच शब्द दोन पदार्थांसाठी वापरला जातो. दगडी कोळशापासून निघणारे ते ‘टार’ आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारे ते ‘बिट्युमेन’. आजच्या फेल्टमध्ये बिट्युमेनच असते; ‘टारफेल्ट’ हे नाव मात्र मागे राहून गेले आहे.

भारतीय मानक ब्युरोने या फेल्टसाठी ‘आयएस १३२२’ आणि छपरावर ते अंथरण्याच्या पद्धतीसाठी ‘आयएस १३४६’ अशी मानके दिली आहेत. खरेदी करताना गुंडाळीवर मानकाचा उल्लेख आहे किंवा नाही हे पाहणे हिताचे. अलीकडे पॉलिमर मिसळलेल्या डांबराचे तीन-चार मिलिमीटर जाडीचे पडदेही सर्रास मिळतात. ते अधिक टिकाऊ असले तरी ज्योतीने तापवून चिकटवण्याचा त्यांचा प्रकार लाकडी खोलीसाठी योग्य नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

शहरातील वाचकांनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा. सिमेंटच्या स्लॅबवर फेल्टचे काम तापवलेल्या डांबरात, एकावर एक थर देऊन केले जाते. ते स्वतंत्र तंत्र असून प्रशिक्षित कारागिरांचेच काम आहे. प्रस्तुत विवेचन उतरत्या, लाकडी छपरापुरते मर्यादित आहे.

आधी उतार, मग फेल्ट

फेल्ट पाणी अडवते हा अर्धसत्य समज आहे. पाण्याला थांबू न देणे हे उताराचे काम. फेल्ट केवळ वाहत्या पाण्याला आत शिरण्यापासून रोखते. पाणी साचून राहिले तर कोणताही सांधा कधी ना कधी हार खातो. म्हणून दुपाखी छपराला आडव्या तीन फुटांमागे एक फूट चढ असा उतार असावा.

दुसरी अट पायाची. फेल्टला स्वतःचा ताठपणा नसतो. खालच्या फळ्यांत फट असेल तर फेल्ट तेथे झोळीसारखे खचते, झोळीत पाणी साचते आणि तेथूनच फाटते. फळ्या घट्ट जोडलेल्या, रंधा मारलेल्या असाव्यात किंवा उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचे प्लायवूड असावे. वर आलेले खिळे ठोकून आत घालावेत आणि धारदार कडा घासून गोल कराव्यात. काटकोनात दुमडलेले फेल्ट त्या रेषेवरच चिरते.

तिसरी अट कोरडेपणाची, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. ओल्या लाकडावर फेल्ट बसवले तर ओल आत कोंडली जाते. उन्हात तिची वाफ होते, वाफ फुगते आणि फेल्टला फोड येतात. जूनमध्ये पहिली गळती दिसल्यावर दोन दिवसांच्या उघडिपीत घाईने केलेले काम याच कारणाने वाया जाते. मिरजेच्या हवेत या कामाचा योग्य काळ फेब्रुवारी-मार्चचा. तेव्हा लाकूड सुकलेले असते आणि वळीव यायचा असतो. एप्रिल-मेमध्ये काम करणे भाग पडले तर ते सकाळी उरकावे. भर दुपारी डांबर मऊ पडते, पाय ठेवताच फेल्ट ओरबाडले जाते आणि ताणले की लांबते. उलट कडाक्याच्या थंडीत पहाटे ते कडक होऊन दुमडताना तडकते.

मोजमाप : साडेनऊचे छप्पर, साडेतेराचे फेल्ट

उदाहरणादाखल ३ मीटर लांब व २.४ मीटर रुंद, म्हणजे साधारण १० बाय ८ फुटांची खोली घेऊ. आढे लांबीच्या दिशेने, दक्षिणोत्तर आहे आणि छप्पर चारही बाजूंनी १५ सेंटिमीटर बाहेर आलेले आहे. एका पाख्याची आडवी रुंदी १.३५ मीटर होते. तिनास एक असा चढ धरला तर उतारावरील लांबी सुमारे १.४२ मीटर भरते. छपराची लांबी ३.३ मीटर. दोन्ही पाख्यांचे मिळून क्षेत्रफळ जवळपास साडेनऊ चौरस मीटर.

फेल्टची गुंडाळी १ मीटर रुंद व १० मीटर लांब आहे असे मानू. दोन्ही टोकांना ५ सेंटिमीटर दुमडण्यासाठी धरून प्रत्येक पट्टा ३.४ मीटर लांब कापावा लागेल. एका पाख्याला दोन, असे एकूण चार पट्टे, म्हणजे १३.६ मीटर फेल्ट. साडेनऊ चौरस मीटरच्या छपराला साडेतेरा चौरस मीटरहून अधिक फेल्ट लागते. जवळजवळ दीडपट! ही उधळपट्टी नव्हे. वरचा हा हिस्सा दुमडींत, सांध्यांत आणि आढ्यावर खर्च होतो, आणि छप्पर गळणार की नाही हे नेमके तेथेच ठरते. क्षेत्रफळाइतकेच फेल्ट आणणारा मनुष्य पुढे सांध्यांत काटकसर करतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पस्तावतो. दोन गुंडाळ्या आणल्या तर प्रत्येकीतून दोन पट्टे निघून ३.२ मीटरचा तुकडा उरतो. तो पुढील वर्षांच्या ठिगळांसाठी जपून ठेवावा.

खालून वर

पट्टे कापल्यावर ते लगेच ठोकू नयेत. गुंडाळीत राहिलेल्या फेल्टला वळण पडलेले असते. एक दिवस सपाट जागी पसरून ठेवले की ते सैल होते. हे न केल्यास ठोकल्यानंतर ते पसरते आणि सुरकुत्या पडतात.

अंथरण्याची सुरुवात नेहमी वळचणीपासून करावी. पहिला पट्टा आडवा ठेवून त्याची खालची कड ५ सेंटिमीटर खाली, वळचणीच्या फळीवर दुमडावी. दुमड नसेल तर वळचणीवरून ओघळणारे पाणी फेल्टच्या खालच्या अंगाने मागे वळते आणि फळीच्या टोकाला मुरते. दुमडीमुळे त्याची पागोळी होऊन ते सरळ खाली पडते.

दुसरा पट्टा पहिल्याच्या वरच्या कडेवर चढवावा. कारागीर याला ‘लॅप’ म्हणतात. मानकानुसार हा लॅप कडेला किमान साडेसात सेंटिमीटर आणि पट्ट्याच्या टोकाला किमान १० सेंटिमीटर असावा. वळवाचा वारा लक्षात घेता दोन्हीकडे १० सेंटिमीटर धरणे शहाणपणाचे. आपल्या उदाहरणात पट्टा अखंड असल्यामुळे टोकाचा सांधा येतच नाही, ही जमेची बाजू. वरचा पट्टा खालच्यावर असल्याने आढ्याचे पाणी सांधा ओलांडून वळचणीकडे निघून जाते. क्रम उलटा झाला तर प्रत्येक सांधा म्हणजे पाणी आत घेणारा खिसाच बनतो.

आता म्हणीचे दोन अपवाद. जोराचा वारा पाण्याला उतारावर मागे रेटतो. आणि दोन पृष्ठांमधील बारीक फटीत पाणी आपोआप वर ओढले जाते, दिव्याची वात तेल ओढते तसे. केवळ एकावर एक ठेवलेला लॅप या दोहोंना अडवू शकत नाही. म्हणून लॅपच्या संपूर्ण रुंदीवर थंड स्वरूपात लावायचे डांबरी चिकटद्रव्य पसरून तो दाबून बसवावा. फटच उरली नाही की वातही उरत नाही.

खिळे जस्ताचा मुलामा दिलेले, चपट्या व मोठ्या डोक्याचे हवेत. लहान डोक्याचा खिळा फेल्टमधून आरपार निघून येतो. पट्ट्याची वरची कड आधी विरळ खिळ्यांनी धरावी, म्हणजे ते खिळे पुढच्या पट्ट्याखाली झाकले जातात. उघड्या जागी मारलेला प्रत्येक खिळा हे आपणच पाडलेले भोक असते. तो केवळ वळचणीची दुमड, बाजूच्या कडा आणि लॅपची खालची कड येथेच, पण तेथे जवळजवळ मारावा आणि त्याच्या डोक्यावर चिकटद्रव्याचा ठिपका द्यावा. फळी १८ मिलिमीटर जाड असेल तर खिळा १५ मिलिमीटरहून लांब नसावा. अन्यथा टोके आत निघतात आणि त्यांवर ओल धरते.

माथा आणि कडा

आपल्या खोलीत दुसरा पट्टा आढ्यापलीकडे सुमारे ४३ सेंटिमीटर उरतो. तो कापू नये. प्रथम पूर्वेकडील पट्टा आढ्यावरून पश्चिमेकडे वळवून बसवावा आणि मग पश्चिमेकडील पट्टा त्यावरून पूर्वेकडे न्यावा. माथ्यावर आपोआप दुहेरी थर होतो आणि शेवटची उघडी कड पूर्वेला, म्हणजे मोसमी वाऱ्याच्या आडोशाला येते. हा क्रम उलटला तर पश्चिमेचा वारा चार महिने त्याच कडेखाली बोट घालत राहील.

त्रिकोणी भिंतींकडील कडा ५ सेंटिमीटर खाली दुमडून त्यांवर लाकडी पट्टी ठोकावी. फेल्ट उडते ते मधून नव्हे. वाऱ्याला आधी कोपरा सापडतो, मग कड सुटते आणि मग सारा पट्टा फडफडू लागतो. शेवटी उन्हाचा विचार. सूर्यप्रकाशाने डांबर कडक व ठिसूळ होते. पृष्ठभागावर दगडाचा बारीक चुरा बसवलेले फेल्ट घेतले तर तो चुरा उन्हाची ढाल बनतो. साध्या फेल्टवर ॲल्युमिनियमचा परावर्तक रंग देता येतो. त्याने आतील उष्माही घटतो.

आग आणि ओल

लाकडी खोलीवर ज्योत वापरू नये, हे बजावून सांगण्याजोगे आहे. फळ्यांच्या सांध्यातून आत गेलेली ठिणगी बाहेरून दिसत नाही. आत वाळलेले भोपळे, रंध्याचा भुसा आणि स्पिरिटमधील पॉलिश असेल तर आग कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. उकळते डांबरही त्याच कारणाने टाळावे. चिकटद्रव्य आणि खिळे हीच अशा खोलीची रीत.

छप्पर कितीही चांगले झाले तरी खोलीला श्वास हवा. वळचणीखाली समोरासमोर दोन झरोके ठेवून त्यांना बारीक जाळी लावली की आतले बाष्प बाहेर जाते आणि उंदीरही अडतात. आणखी एक मर्यादा ओळखायला हवी. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठाने पाहिले, की पाणी खालूनही येते. त्यावर छपरापाशी उपाय नाही. जोते उंच असावे आणि माल जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवावा.

वर्षातून दोनदा

होळीनंतर एकदा आणि परतीचा पाऊस संपल्यावर एकदा छप्पर पाहावे. साचलेला पालापाचोळा झाडून काढावा, कारण तो ओल धरून ठेवतो. दिवसा खोलीचे दार लावून आत अंधार करावा आणि वर पाहावे. उजेडाचा ठिपका दिसला तर भोक सापडले. ठिबक सुरू झाली असेल तर ती जेथे पडते तेथेच वर शोधू नये. पाणी फळीच्या पोटाने उतरत दूरवर जाते. गळतीचे मूळ ठिबकण्याच्या जागेपासून आढ्याच्या दिशेने शोधावे. ठिगळ लावताना त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा सर्वांत आधी उचलला जातो. शक्य असेल तेथे ठिगळाची वरची कड वरच्या लॅपखाली सरकवावी.

फेल्टचे छप्पर कायमचे नसते. काही पावसाळ्यांनंतर ते बदलावेच लागते, हे आरंभीच मान्य केलेले बरे. माळवदावर दर उन्हाळ्यात माती घालणारी पिढी याला तक्रार मानत नव्हती; छप्पर ही एकदा करून विसरण्याची वस्तू नाही, हे तिला ठाऊक होते. साहित्य मातीचे असो वा डांबराचे, उतार, सांधा आणि कड या तीन ठिकाणी लक्ष राहिले तर वळचणीचे पाणी वळचणीलाच राहते आणि खाली ठेवलेला भोपळा यथाकाल तंबोरा होऊन बोलू लागतो.